किलो आणि ग्रॅमचे रूपांतर मुलीला कसे समजावून सांगावे?

प्रश्न (पालक, इंदूर): माझी चौथीतील मुलगी १ किलो ५० ग्रॅम म्हणजे १५० ग्रॅम असे लिहिते. हजाराने गुणायचे की भागायचे, हे ती पाठ करते आणि दुसऱ्या दिवशी विसरते. घोकंपट्टीवाचून काही मार्ग आहे का?

उत्तर (निवृत्त शिक्षिका): नियम काही दिवस बाजूला ठेवावा. शेव आणताना पाव किलोची चार पाकिटे तिच्या हातात द्यावीत. तो भार अनुभवल्यावर आपले १५० ग्रॅमचे उत्तर एका पाकिटापेक्षाही हलके आहे, हे तिचे तिलाच खटकेल. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे आपले शब्द घरात आवर्जून वापरावेत, कारण सव्वा किलो म्हणजे १२५० ग्रॅम हे ज्या मुलाच्या कानांवर रोज पडते, त्याला दशांश अपूर्णांक परके वाटत नाहीत.

उत्तर (पालक, वडोदरा): आम्ही पाण्यापासून सुरुवात केली. २०० मिलिलिटरचा पेला पाच वेळा ओतल्यावर लिटरची बाटली भरते. माप लहान असेल तर संख्या मोठी येते, हे मुलाने स्वतः पाहिले आणि गुणाकार की भागाकार हा गोंधळ मिटला.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. उद्या पेल्यापासूनच सुरुवात करते.