मोठेपणी पियानोकडे वळलात? कशामुळे? अनुभव लिहा

तिशी-चाळिशीत, कुणी साठीतसुद्धा, पियानो शिकायला बसणारी माणसं आता बरीच भेटतात. आपल्या घरांत पूर्वी पेटी असायची, पियानो क्वचितच. आता हेडफोन लावून रात्री वाजवता येणारे डिजिटल पियानो आले, शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही. पण वाद्य घरात येणं वेगळं आणि दिवसभराचं काम उरकून त्याच्यापुढे बसणं वेगळं. तुम्हाला कशाने बसवलं ते सविस्तर लिहा. लहानपणी सोडून पुन्हा धरलेल्यांनीही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. पियानो मुलीसाठी घेतला होता. ती दहावीनंतर बास्केटबॉलमध्ये रमली आणि वाद्यावर इस्त्रीचे कपडे साठायला लागले. ते विकायला काढायचं म्हणून स्टँडवरची पुस्तकं आवरत होते, तर तिने अर्धवट सोडलेलं जी मेजरमधलं मिन्युएट (जुन्या युरोपीय नाचाची छोटी रचना) हाती लागलं. जर्मन संगीतकार बाखने बायकोसाठी केलेल्या 1725च्या वहीतलं हे मिन्युएट. पुष्कळ वर्षं ते बाखचंच समजलं जायचं, प्रत्यक्षात ते पेटझोल्ड या दुसऱ्या संगीतकाराचं. मला नोटेशन वाचता येत नव्हतं, पण मुलीचं ऐकून चाल कानात होती. जी म्हणजे सा धरला आणि एका बोटाने शोधत गेले: प, सारेगम, प, सा, सा. पुढे ध, मपधनी, सां, सा, सा. शाळेत शिकलेल्या सरगमीत ही परकी चाल अशी अलगद बसेल असं वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी जाहिरात टाकायची राहिली ती राहिलीच. आता डावा हात बसवते आहे. पहिल्या मात्रेला डाव्या हाताचे सूर आणि उजव्याचा 'प' एकदम पडले की आजही अंगावर काटा येतो.

डोंबिवली, निवृत्त, वय 61
मी पेटीवाला. वडील भजनी मंडळात वाजवायचे, त्यांच्याकडूनच शिकलो. रेडिओने 1940 साली पेटीवर बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली, हे ते तळमळीने सांगत. त्यांच्या मंडळाचं मात्र पेटीवाचून पान हलत नसे. नोकरी लागली, लोकलचा प्रवास सुरू झाला आणि माझी पेटी माळ्यावर गेली. निवृत्तीनंतर ती काढली तर भाता फाटलेला. दुरुस्तीला दिली त्या दुकानात पियानो होता, सहज हात ठेवला आणि अडकलो. पेटीत पट्टी दाबून ठेवा, भात्यात हवा आहे तोवर सूर चालू. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि त्या क्षणापासून सूर विरायला लागतो. पट्टी हलकी दाबली की सूर हळू, जोरात दाबली की मोठा. पेटीवर हे काम भात्याचं, म्हणजे माझ्या डाव्या हाताचं. त्या हाताच्या बोटांना सूर कधी मिळालेच नव्हते. ते द्यायचे म्हणून शिकतोय. पेटीही दुरुस्त झाली, सकाळी ती आणि संध्याकाळी पियानो.

फोंडा
आमच्या वाड्यावरची ख्रिस्ती मुलं चर्चमध्ये सोल्फेज, म्हणजे डो-रे-मी म्हणत सूर गायला, शिकायची. मी बाहेरच्या पायरीवर बसून ऐकायचो. घरी विचारायचं धाडस झालं नाही. मुलं नोकरीला लागल्यावर पणजीला कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताची चौकशी करून आलो आणि मग गावातच शिक्षक शोधले. आणखी कारण नाही.

न्यू जर्सी
इथे जुने उभे पियानो लोक फुकट देतात, उचलून नेण्याचा खर्च मात्र आपला. लग्न करून आले तेव्हा व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती, नवरा दिवसभर बाहेर. बर्फात घराबाहेर पडणं नको वाटायचं. दिवसातला एक तास तरी आपल्याला पुढे नेणारा असावा, एवढ्यासाठी तो पियानो घरी आणला. आता नोकरी आहे, मूल आहे, तरी तो तास कुणाला दिलेला नाही.

नाशिक, शिकवते
मोठ्यांना शिकवणारी म्हणून लिहिते. 'काहीतरी छंद हवा' म्हणून आलेले बहुतेक पावसाळ्याआधी थांबतात. 'मला ही एकच चाल वाजवायची आहे' म्हणणारे टिकतात. एका बाईंना वडील शीळ घालायचे ती चाल हवी होती, वडील नुकतेच गेले होते. मी ती लिहून काढली, सोप्या डाव्या हातासकट. त्यांनी वर्षभर दुसरं काहीच वाजवलं नाही आणि मीही आग्रह धरला नाही. मोठ्या माणसांना लहान मुलांचं पुस्तक पहिल्या पानापासून शिकवणं मला पटत नाही.

कोल्हापूर
मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघाल्यावर बोटं आखडली. व्यायामाचा कंटाळा यायचा, भाचीच्या कीबोर्डवर तोच व्यायाम सुसह्य झाला. मनगट बरं झालं, कीबोर्ड मी परत दिलेला नाही.

पुणे, वय 44
माझ्याबाबतीत परीक्षा हेच कारण, आणि त्यात मला काही कमी वाटत नाही. एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थेच्या संगीत परीक्षांना वयाची अट नाही. तारीख समोर असली की मी रोज बसतो, नसली की आठवडे जातात. परीक्षेला रांगेत आठ-दहा वर्षांची मुलं असतात, ती आपणहून गप्पा मारतात, कुठला तुकडा घेतलात विचारतात. सहाव्या ग्रेडच्या आधी पाचव्या ग्रेडची थिअरी (संगीतशास्त्राची परीक्षा) पास व्हावी लागते आणि तिथे मी अडलोय. नोकरी सांभाळून थिअरी कुणी केली असेल तर कशी केली ते लिहा. पुण्यात शनिवार-रविवार शिकवणारं कुणी माहीत असेल तर तेही सांगा.