शब्दचर्चा : ‘कडक’ रॉड म्हणजे नेमका कसा?

कोथरूड (मूळ प्रश्न)

पुण्यात हौसेनं मासेमारीचे रॉड बांधणारे आणि बांधून घेणारे आता बरेच झालेत. ब्लँक (म्हणजे रॉडची नुसती निमुळती नळी) मागवायचा, मूठ, रीळ सीट (रीळ बसवायची जागा), गाईड (दोरा ओवायच्या कड्या) आपल्या पसंतीनं निवडायचे, गाईड दोऱ्यानं बांधायचे, वरून इपॉक्सी (पारदर्शक राळ) चढवायचं. मित्रमंडळींसाठी मी हे काम करतो. त्यात एक शब्द सारखा आडवा येतो, म्हणून हा धागा काढतोय. तो शब्द म्हणजे ‘कडक’.

एक जण सांगतो, “मरळीसाठी कडक रॉड बांध.” दुसरा म्हणतो, “कटल्यासाठी कडक पाहिजे, आधीचा फार नरम होता.” दोघांचा शब्द एकच, पण दोघांना एकच ब्लँक दिला तर त्यातल्या एकाचं काम अडणार. ब्लँकबरोबर दोन वेगळ्या गोष्टी लिहून येतात, पॉवर आणि ॲक्शन. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट असेल तर वाकतो तो मुख्यतः शेंडा, मॉडरेट असेल तर जवळजवळ अर्धा रॉड, स्लो असेल तर वाक पार मुठीपर्यंत उतरतो.

मरळ पकडताना जलपर्णीवरून रबरी बेडूक ओढत आणायचा असतो. मासा खालून झडप घालतो आणि लगेच मुळांत घुसतो. तिथं शेंडा चटकन आवरून खालचा रॉड ताठ उभा राहिला पाहिजे, नाहीतर मासा गुंतलाच. म्हणजे पॉवर जास्त आणि ॲक्शन फास्ट. कटला अंगानं मोठा, ओढ दांडगी, पण तोंड मऊ. तिथंही पॉवर लागते, पण ॲक्शन फास्ट असेल तर पहिल्याच धावेत गळ तोंड फाडून सुटतो. रॉड मध्यापर्यंत वाकून ती धाव पोटात घेणारा हवा. आपण मात्र दोन्हीला ‘कडक’ म्हणतो आणि चुकीचा ब्लँक मागवून बसतो.

माझी सूचना अशी : पॉवरला ‘दम’ आणि ॲक्शनला ‘बाक’ म्हणावं. मरळीचा रॉड भरपूर दमाचा, शेंड्याला बाक. कटल्याचा भरपूर दमाचा, मध्यावर बाक. उजनीच्या चिलापीसाठी दम कमी चालेल, बाक शेंड्याच्या जरा खाली. जाणकारांनी आपापलं मत जरूर सांगावं.

हडपसर (गाव मालवणजवळ)

दादा, ‘बाक’ एकदम पटला. पाठीला बाक येतो, तुळईला बाक येतो, म्हणजे कुठं आणि किती ते सांगायची सोय त्या शब्दात आहेच. ‘दम’ बद्दल मात्र शंका आहे. मासा आपण ‘दमवतो’. “या रॉडचा दम जास्त” म्हटलं तर कुणी समजेल की हा रॉड मासा लवकर दमवतो. सरळ ‘ताकद’ का नको?

जाता जाता, आमच्याकडे गळाला गरी म्हणतात, आणि गरीनं मासे धरायला जायचं म्हणजे ‘गरवायला’ जायचं. नायलॉनच्या दोऱ्याला तंगूस. पुण्यात आल्यापासून हे तीनही शब्द माझ्या तोंडून गेले होते, ते इथं लिहिताना बरं वाटतंय.

भोसरी (टूलरूममधून निवृत्त)

‘ताकद’ नको. ताठपणा आणि मजबुती या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि ‘ताकद’ म्हटलं की लोक दुसरीच धरतात. काच ताठ असते, म्हणून ती मजबूत ठरत नाही.

याचं रोजचं उदाहरण म्हणजे ब्लँकवरचे २४टी, ३०टी, ४०टी हे आकडे. आकडा मोठा म्हणजे रॉड मजबूत, असं दुकानात सर्रास सांगितलं जातं. तो टी म्हणजे टन, दर चौरस मिलिमीटरला. आणि तो हिशेब कार्बनच्या तंतूच्या ताठपणाचा आहे, तुटण्याचा नाही. जास्त टनांचा कार्बन घेतला की तेवढाच ताठपणा कार्बनच्या कमी कापडात मिळतो. नळीची भिंत पातळ होते, रॉड हलका होतो, शेंड्याला लागलेली बारीक चाहूल हातात पोहोचते. पण तोच रॉड कुठं आपटला, किंवा फेकताना दोऱ्याला बांधलेलं शिसं ब्लँकवर आदळलं, तर चीर पडते, आणि पुढं कधीतरी मासा ओढताना नेमका तिथंच मोडतो. फायबरग्लासचा रॉड जड आणि सुस्त, पण मार सोसतो. पोरांना पहिला रॉड द्यायचा असेल तर मी अजूनही ग्लासचाच देईन.

तेव्हा ‘दम’ ठेवा, फक्त व्याख्या पक्की करा : रॉड ठरलेल्या मापाइतका वाकवायला जेवढं वजन लागतं तो दम. शिवाय एक गुण राहिला. वाकलेला रॉड किती झटकन सरळ होतो आणि शेंड्याची थरथर किती लवकर थांबते, तो निराळाच गुण आहे. त्याला ‘उसळी’ म्हणा. दम सारखा असला तरी कार्बनची उसळी ग्लासपेक्षा जास्त, कारण तेवढ्याच ताठपणाला त्याचं वजन कमी. शेंड्याकडं जड गाईड लावले की ही उसळी मरते. हलका ब्लँक घ्यायचा आणि त्याच्या टोकाला जाड गाईड, दोऱ्याचे भरमसाठ वेढे, वर इपॉक्सीचा थर, हे बघवत नाही.

वाकड

काका, माहिती उत्तम, पण एवढा खटाटोप कशाला? ब्लँक मागवताना शेवटी पॉवर आणि ॲक्शन हेच लिहावं लागतं. या विषयाचे शब्द मराठीत नाहीत हे मान्य करून पुढं जाऊ या.

कोथरूड

वस्तूंच्या नावाबद्दल माझं काहीच भांडण नाही. ब्लँक, गाईड, इपॉक्सी हे शब्द राहू द्यावेत, रीळ तर कधीचंच मराठी झालंय. पण गुणाचं तसं नसतं. गुण हाताला जाणवतो, आणि माणूस तो आपल्या बोलीत सांगतो. माझ्याकडं येणारा कुणीच “मॉडरेट ॲक्शन” म्हणत नाही, तो “कडक” म्हणतो. त्या एका शब्दाच्या जागी त्याला दोन नेमके शब्द मिळाले तर ब्लँक बरोबर येईल, एवढाच माझा आग्रह आहे.

आणि नदीकाठची बोली नेमकी नसते असं कोण म्हणतं? लेफ्टनंट कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं केली, तेव्हा जातींची नावं इथल्या लोकांच्या तोंडून उचलली. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महसीरचं नाव त्यानं ‘खुद्री’ ठेवलं, तो आजही जगभर ‘टॉर खुद्री’ म्हणूनच ओळखला जातो. शिंगाळ्याचं शास्त्रीय नाव ‘स्पेराटा सीनघाला’, तेही त्याचंच. आपल्या काठावरचे शब्द शास्त्राला चालले, तर रॉडला चालायला हरकत नसावी.

पिंपळे सौदागर

दादा, व्हिडिओत सगळे आधी ब्लँकचा ‘स्पाइन’ शोधायला सांगतात. त्याला कणा म्हणायचं का? आणि तो खरंच शोधावा लागतो का?

कोथरूड

‘कणा’ म्हटलं की वाटतं ब्लँकच्या आत एखादी वेगळी कांब आहे. तसं काही नसतं. राळेत भिजवलेलं कार्बनचं कापड निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळतात, वरून पट्टी आवळतात, भट्टीत भाजतात आणि सळई ओढून काढतात. कापडाच्या कडा जिथं एकमेकींवर येतात तिथं भिंत किंचित जाड राहते. ती बाजू जरा जास्त ताठ. मी तिला ‘दुपदरी बाजू’ म्हणतो, आणि तसं म्हटलं की ती का असते हेही ऐकणाऱ्याला कळतं.

शोधायची कशी? बुंधा गुळगुळीत फरशीवर टेकवा, ब्लँक मध्ये एका तळव्यावर सैल राहू द्या आणि दुसऱ्या हातानं शेंडा हलकेच दाबा. ब्लँक आपोआप फिरून एका जागी बसतो.

आता ती बाजू वर ठेवायची की खाली, यावर बांधणाऱ्यांत जुना वाद आहे. माझं मत स्पष्ट आहे. कुठलाच ब्लँक अगदी सरळ नसतो. त्याचा अंगचा वाक वर-खाली येईल असा धरा, म्हणजे वरून बघताना रॉड सरळ दिसतो आणि गाईड एका ओळीत बसतात. रॉड हातात पिळतो तो दुपदरी बाजूमुळं नव्हे. बेटकास्टिंगमध्ये (रीळ रॉडच्या वर बसतं त्या प्रकारात) गाईड वर असतात, आणि ओढ लागली की दोरा त्यांना खाली खेचू बघतो, म्हणून पिळतो. त्याचा खरा उपाय म्हणजे गाईड वळसा घालून बांधणं : रिळाजवळचा पहिला गाईड वर, पुढचे कडेनं उतरत, आणि शेंड्याकडचे सगळे खाली. दिसायला विचित्र वाटतो, पण मोठ्या माशाला हातात स्थिर राहतो. याला ‘वळशाची बांधणी’ म्हणावं असं मला वाटतं.

गाईडचं विचाराल तर साधारण फुटाला एक, शिवाय शेंड्याची कडी वेगळी, असा ढोबळ हिशेब धरतात. पण तो सुरुवातीपुरता. आधी सगळे गाईड नुसत्या टेपनं चिकटवा, दोरा ओवा, रॉड वाकवा. दोरा बाकाबरोबर गेला पाहिजे. जिथं तो कोपरा करून वळतो तिथं गाईड सरकवा किंवा एखादा वाढवा. हे न करता तक्त्यातली मापं जशीच्या तशी बांधणं मला मान्य नाही, कारण तक्त्याला तुमच्या ब्लँकचा बाक ठाऊक नसतो. स्पिनिंग रिळावरून (हे रॉडच्या खाली लटकतं) दोरा मोठमोठी वेटोळी घेत सुटतो, म्हणून तिथला पहिला गाईड उंच आणि मोठ्या कडीचा लागतो, नंतर कड्या लहान होत जातात. वेणीचा दोरा वापरणार असाल तर कडीचं अस्तर सिलिकॉन कार्बाइडसारखं कठीण घ्या. मऊ कडीत हा दोरा खाच पाडतो, आणि मग तीच खाच दोरा कापते.

औंध

दादा, मुठीसाठी ‘बुचाची मूठ’ हा शब्द ऐकला. आपल्या रस्त्यांवर बुचाची झाडं आहेत, पांढऱ्या सुवासिक फुलांचा सडा पडतो, ते हेच बूच का? आणि दोऱ्याच्या नक्षीला काय म्हणता?

कोथरूड

नाही ताई, ते झाड वेगळं. त्याची साल हलक्या प्रतीचं बूच म्हणून वापरत, म्हणून त्याला ते नाव पडलं. मुठीचं बूच पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओकच्या सालीचं. झाड न तोडता साल सोलून घेतात आणि पुन्हा जाड साल यायला नऊएक वर्षं जातात. त्या सालीच्या चकत्या एकमेकींना चिकटवून लेथवर मूठ उतरवतात. स्वस्त चकत्यांत खड्डे भुशानं बुजवलेले असतात, पावसाळ्यात ते निघून येतात, म्हणून घेताना चकती नखानं तपासा. ईव्हीए फोमची मूठ टिकायला चांगली, धुवायला सोपी. पण माशाची चाहूल बुचातून जास्त चांगली कळते, असं मला वाटतं.

नक्षीत सगळ्यात लोकप्रिय ती शंकरपाळी. दोरे तिरपे एकमेकांना छेदत नेले की मधोमध चौकटी उठतात. ती मुठीच्या लगेच वर असावी, पुढं गेली की नुसतं वजन. नायलॉनच्या दोऱ्याचा रंग इपॉक्सीखाली गडद होतो. लिंबासारखा पिवळा हवा असेल तर आधी रंग राखणारं द्रावण लावावं लागतं. आणि पावसाळी दमट हवेत इपॉक्सी शक्यतो लावू नका. काही इपॉक्सींवर मेणचट थर येतो, चकाकी जाते.

हडपसर (गाव मालवणजवळ)

‘दम’ मान्य, माझा आक्षेप मागं घेतो. पण काका म्हणतात तसा आकडा घरी कसा काढायचा?

भोसरी (टूलरूममधून निवृत्त)

सोपं आहे. अमेरिकेतल्या डॉ. विल्यम हॅनेमन यांनी ही रीत बसवली. मूठ टेबलाला आडवी पक्की बांधायची आणि शेंड्याला पिशवी टांगून तिच्यात एकेक नाणं टाकत जायचं. रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश इतका शेंडा खाली आला की थांबायचं. सहा फुटी रॉडला दोन फूट. पिशवीतलं वजन म्हणजे दम. त्याच स्थितीत शेंडा आडव्या रेषेशी जो कोन करतो तो बाक. कोन साधारण ६६ अंशांच्या वर असेल तर फास्ट, ५९ च्या खाली असेल तर स्लो. फोनवर बाजूनं फोटो काढून कोन मोजता येतो.

त्यांनी अमेरिकन सेंट वापरले, १९८२ नंतरचा सेंट २.५ ग्रॅमचा. आपलं २०११ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं आहे, हलक्या रॉडला ते छान चालतं. मरळीच्या रॉडला नाणी पुरणार नाहीत. तिथं रिकामी बाटली टांगा आणि मापानं पाणी ओता, एक लिटरला एक किलो. बाटलीचं स्वतःचं वजन मिळवायला विसरू नका.

कोथरूड

काका, हे फार कामाचं सांगितलंत. यापुढं बुंध्याजवळ शेवटचं इपॉक्सी चढवायच्या आधी दोन आकडे लिहीन : दम ग्रॅममध्ये, बाक अंशांत. कुणाकडं कटल्याचा जुना ग्लासचा रॉड असेल तर त्याचेही दोन आकडे काढून इथं टाका. मी मरळीच्या रॉडचे टाकतो.