एअर रायफलचा वेग वरखाली का होतोय?

प्रश्न (लातूर): १० मीटर नेमबाजीची पीसीपी (सिलिंडरात आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल), पेलेट (छर्रे) ०.५३ ग्रॅमचे. क्रोनोग्राफवर (छर्र्याचा वेग मोजायच्या यंत्रावर) वेग १६६ ते १७९ मीटर प्रतिसेकंद दिसतो. रेग्युलेटर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) गेला का?

उत्तर १ (संभाजीनगर): आधी क्रोनोग्राफवरच संशय घ्या. ट्यूबलाइटच्या लुकलुकण्यानं सेन्सर फसतो. बाहेर सावलीत दहा शॉट मोजा. स्कर्ट (मागची पोकळ कड) दबलेले पेलेट वगळा.

उत्तर २ (नांदेड): दहा मिनिटं थांबून मारलेला पहिला शॉटच जोरात जातो का? मग रेग्युलेटरच्या सीटमधून (आतली झडप बसते त्या जागेतून) हवा झिरपून पुढचा दाब चढतोय. सील बदलावं लागेल, पण मेकॅनिककडूनच. सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो, घरी पाना लावू नका.

उत्तर १: बरोबर. आणि भरलेला सिलिंडर मे महिन्यात गाडीत ठेवू नका राव, उन्हानं दाब वाढतो.