मोठ्या कंपनीच्या इंटरव्ह्यूची तयारी: तुम्ही नेमकी कशी केलीत?

पौडफाटा

मामेभाऊ सध्या आमच्याकडे मुक्कामाला आहे. सॉफ्टवेअरच्या सर्व्हिस कंपनीत, म्हणजे दुसऱ्यांची कामं करून देणाऱ्या, बरीच वर्षं काढली, आता त्याला स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मोठ्या प्रॉडक्ट कंपनीत जायचंय. जेवताना, चहा घेताना, गाडी पुसताना त्याचं एकच टुमणं : "दादा, रोज कोडिंगचे किती प्रश्न सोडवू?" काय सोडवायचं याच्या याद्या पाहिजे तितक्या मिळतात. ऍरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, ट्री, ग्राफ, हीप, डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, अशा माहिती मांडायच्या आणि प्रश्न सोडवायच्या पद्धती. त्या त्याला तोंडपाठ आहेत. मला त्याला दाखवायचंय ते वेगळं : पुण्यात नोकरी, घर आणि ट्रॅफिक सांभाळून लोक तयारी करतात ती कशी? कुठे बसायचात, काय सरळ सोडून दिलंत, आणि प्रत्यक्ष इंटरव्ह्यूत त्यातलं काय कामी आलं? निवड झाली नसली तरी लिहा. कंपनीची नावं आणि त्यांनी विचारलेले नेमके प्रश्न मात्र नकोत. पुष्कळ ठिकाणी गोपनीयतेच्या कागदावर सही घेतात.

फेज_थ्री

कोथरूड ते हिंजवडी, कंपनीची बस. वाकडच्या पुलाखाली बस रुतली की पाऊण तास हक्काचा. मांडीवर लॅपटॉप उघडून बघितला, पण भूमकर चौकातले धक्के आणि शेजारच्याचं डोकावणं यात काही होईना. मग फुलस्केप वही आणि पेन्सिल घेतली. रात्री घरी प्रश्न वाचून ठेवायचा, सकाळी बसमध्ये कागदावर कोड लिहायचा आणि हाताने चालवून बघायचा. कॉम्प्युटरवर टाइप करायचा तो थेट संध्याकाळी, आणि पहिल्याच फटक्यात चालला पाहिजे ही अट.

याने काय होतं त्याचं एक उदाहरण. स्ट्रिंगमधला (अक्षरांच्या ओळीतला), एकही अक्षर पुन्हा न येणारा, सर्वांत लांब सलग तुकडा शोधायचा आहे. दोन पॉइंटर, म्हणजे तुकड्याच्या दोन टोकांवरच्या खुणा, डावा आणि उजवा. प्रत्येक अक्षर शेवटचं कुठे दिसलं ते हॅशमॅपमध्ये, म्हणजे विचारलं की लगेच नोंद काढून देणाऱ्या तक्त्यात. अक्षर पुन्हा दिसलं की डावा पॉइंटर त्या जुन्या जागेच्या पुढे न्यायचा. ऐकायला सोपं आहे. आता 'ए बी बी ए' ही चार अक्षरं वहीत लिहा, वर ० ते ३ आकडे टाका. दुसऱ्या 'बी'ला डावा पॉइंटर २ वर जातो, ठीक. मग शेवटचा 'ए' येतो. हॅशमॅप म्हणतो, 'ए' ० वर होता, म्हणजे डावा १ वर न्या. म्हणजे मागे! आणि उत्तर २ च्या जागी ३ येतं, कारण 'बी बी ए' हा तुकडा बरोबर धरला गेला. डावा पॉइंटर कधीच मागे जाता कामा नये, आहे ती जागा आणि नवी जागा यांतली मोठी घ्यायची. स्क्रीनवर तांबडी अक्षरं दिसली की आपण एखादा 'अधिक एक' इकडचा तिकडे करून बघतो आणि कोड पास झाला की पुढे पळतो. पेन्सिलीला ती सोय नसते. इंटरव्ह्यूतही बऱ्याचदा कोड रन करायला देत नाहीत, साधा एडिटर असतो, त्यामुळे बसमधली ही सवय तिथे जशीच्या तशी कामाला आली.

प्रश्न किती सोडवले ते मोजले नाहीत. वह्या भरल्या, एवढं खरं.

पेठेतला_पाहुणा

दहावीपर्यंत मराठी माध्यम, सोलापूर जिल्हा. सदाशिव पेठेत अभ्यासिका लावली होती. आजूबाजूला सगळे एमपीएससीवाले. शिस्त म्हणाल तर त्यांच्याकडून शिकावी, पहाटे जागा धरतात आणि रात्री दिवे घालवूनच उठतात. पण अडचण अशी की अभ्यासिकेत तोंड उघडायची सोय नाही, आणि हा इंटरव्ह्यू तर सगळा बोलण्याचा. डोक्यात काय चाललंय ते मोठ्याने सांगत सांगत कोड लिहायचा. माझं डोकं मराठीत चालतं, हात जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आणि तोंड इंग्रजीत चालवायचं, त्यात तिन्ही एकदम बंद पडायचे.

रूममेट एमपीएससीचाच, कॉम्प्युटरशी त्याचा काही संबंध नाही. आम्ही सकाळी पर्वती चढायचो तेव्हा मी त्याला एकेक गोष्ट समजावायचो, आधी चक्क मराठीत. ब्रेड्थ फर्स्ट सर्च सांगताना म्हणालो, "तुला तहसीलदारापर्यंत वशिला लावायचाय. आधी तुझ्या थेट ओळखीचे सगळे विचारून घे, मग त्यांच्या ओळखीचे, मग त्यांच्या. ज्या फेरीत साहेब सापडले ती सगळ्यात जवळची वाट." त्याने लगेच विचारलं, "आणि तोच माणूस दोघांच्या ओळखीचा निघाला तर? दोनदा जायचं त्याच्याकडे?" व्हिजिटेड सेट (आधी भेटून झालेल्यांची यादी) का लागतो ते एवढ्या नेमकेपणाने मला कॉलेजात कुणी विचारलं नव्हतं. उतरताना तेच सगळं इंग्रजीत. तो फक्त मी कुठे अडखळतो ते बघायचा.

सुरुवातीची पाच-सहा इंग्रजी वाक्यं तर घोकूनच ठेवली होती. 'लेट मी फर्स्ट कन्फर्म द इनपुट', 'आय विल स्टार्ट विथ ब्रूट फोर्स अँड देन इम्प्रूव्ह इट' वगैरे. पहिली दोन मिनिटं त्यावर निघतात आणि तोवर जीभ सैल होते. व्याकरण कच्चं होतं, अजूनही आहे. त्यावरून मला कुणी अडवलं नाही.

कंसातला_सेमीकोलन

मी टेबलाच्या पलीकडे बसतो, खराडीत. इंटरव्ह्यू ४५ मिनिटांचा. सुरुवातीची पाच ओळखीत आणि शेवटची पाच तुमच्या प्रश्नांना. राहिली ३५. नंतर मला फॉर्म भरावा लागतो, आणि त्यात 'उत्तर आलं की नाही' एवढंच लिहून सुटका होत नाही. प्रश्न कसा समजून घेतला, पर्याय कोणते तोलले, कोड कसा लिहिला, स्वतःचा कोड स्वतः तपासला का, हे सगळं पुराव्यासकट लिहायचं असतं. उमेदवार गप्प बसून बरोबर कोड लिहितो तेव्हा निम्म्या रकान्यांत काय लिहू हा मला प्रश्न पडतो.

मी प्रश्न मुद्दाम अर्धवट देतो. 'संख्यांची यादी आहे, अमुक बेरजेची जोडी शोधा.' बहुतेक जण पुढच्या सेकंदाला टाइप करायला लागतात. अहो, थांबा की. यादी क्रमाने लावलेली आहे का? ऋण संख्या येतात का? तीच संख्या दोनदा वापरली तर चालेल का? आणि मुख्य म्हणजे यादी केवढी? हा शेवटचा प्रश्न विचारला की निम्मं उत्तर मीच देऊन टाकतो. मी म्हणालो, १० लाख, तर प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावण्यात एक लाख कोटीच्या घरात तपासण्या होतील, तो रस्ता तिथेच बंद. क्रमाने लावून घेतलं तर साधारण २ कोटी, ते चालण्यासारखं. हॅशसेट घेतला, म्हणजे पाहिलेले आकडे लगेच सापडतील असे ठेवले, तर एकाच फेरीत काम, पण जास्तीची मेमरी. एवढी चर्चा तीन मिनिटांत होते आणि माझा निम्मा फॉर्म भरतो.

बायनरी सर्च, म्हणजे क्रमाने लावलेली यादी दर वेळी अर्धी करत शोधणं, सगळ्यांना येतो. १० लाखांत जास्तीत जास्त २० वेळा बघावं लागतं, हेही पाठ असतं. मग मी विचारतो, मधली जागा काढताना 'लो अधिक हाय भागिले दोन' केलंत (लो आणि हाय ही यादीची दोन टोकं), यात कधी गडबड होईल? ३२ बिटांच्या इंटिजरमध्ये (पूर्णांकात) २१४,७४,८३,६४७ च्या वर आकडा मावत नाही, बेरीज ऋण होऊन बसते. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत हा बग कित्येक वर्षं दडून होता, २००६ साली त्याचा जाहीर बोभाटा झाला. 'लो'मध्ये फरकाचं अर्धं मिळवलं की प्रश्न मिटतो. हे माहीत नसलं म्हणून मी कुणाला नापास करत नाही. मी इशारा देतो तेव्हा माणूस काय करतो, ते बघतो. काही जण इशारा ऐकतात. काही जण माझ्याशी वाद घालतात. आणि काही जण "हो हो" म्हणून तोच कोड पुढे चालू ठेवतात, हे सगळ्यात वाईट.

बिनकामाचा_डीपी

सगळं मान्य, पण इतकी वर्षं या धंद्यात आहे, डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (डीपी), म्हणजे छोट्या तुकड्यांची उत्तरं जपून त्यांतून मोठं उत्तर काढणं, कामावर एकदाही लिहिलेलं नाही. एपीआय जोडा (एक सॉफ्टवेअर दुसऱ्याशी बोलेल असं करा), लॉग वाचा, रात्री प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहकांची चालू सिस्टिम, पडलं की उठा. आणि परीक्षा कसली, तर नाणी मोडून द्यायची किती प्रकारे! आमच्या कोपऱ्यावरचा वाणी रोज करतो ते.

कंसातला_सेमीकोलन

@बिनकामाचा_डीपी, तक्रार रास्त आहे, मीही डीपी क्वचितच विचारतो. पण तुम्ही रोज गिटमध्ये, कोडमधले बदल नोंदवणाऱ्या त्या साधनात, दोन फायलींतला फरक बघता ना? त्याच्या मुळाशी 'कमीत कमी किती बदल' हा डीपीतलाच प्रश्न आहे. गिट त्यासाठी मुळात मायर्सचा १९८६चा अल्गोरिदम वापरतं. लिहावं लागत नाही, कारण आधी कुणीतरी लिहून ठेवलंय.

बिनकामाचा_डीपी

ते कुणीतरी ४५ मिनिटांत नसेल लिहिलं.

बाणेरची_परतफेरी

वरचं वाक्य फ्रेम करून लावणार आहे.

माझी गोष्ट वेगळी. मुलीसाठी नोकरी सोडली होती, परत येताना आधीच्या अनुभवामुळे सीनियरच्या जागेसाठी बोलावलं, म्हणजे कोडिंगच्या जोडीला सिस्टिम डिझाइन, मोठी सेवा कशी उभारायची ते. मुलगी शाळेत गेली की सकाळचा वेळ माझा. सासूबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं, दार लावलेलं असेल तेव्हा मी 'ऑफिसात' आहे. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की शेजारच्या काकूंनाही बाहेरच्या बाहेर परत पाठवायच्या.

सिस्टिम डिझाइनचे व्हिडिओ बघून फार काही हाती लागत नाही, असं माझं मत झालं. सगळे तेच चौकोन काढतात : लोड बॅलन्सर, कॅशे (वारंवार लागणारं हाताशी ठेवायची जागा), क्यू, डेटाबेस. मी एकच साधा प्रश्न घेतला, लांबलचक लिंक छोटी करून देणारी सेवा, आणि तो आकड्यांनी पोखरला. छोटी लिंक किती अक्षरांची? इंग्रजी लहान-मोठी अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हं. सात जागा म्हणजे ६२ चा सातवा घात, साधारण साडेतीन लाख कोटी. पुरे झालं. दिवसाला १० कोटी लोक लिंक उघडणार असतील तर सेकंदाला किती? दिवसाचे सेकंद ८६,४००, तोंडी हिशेबाला एक लाख धरायचे, म्हणजे सेकंदाला हजार. गर्दीच्या वेळी त्याच्या काही पट. हा आकडा ऐकल्यावर लक्षात येतं की वाचणं (लिंक उघडणं) प्रचंड आणि लिहिणं (नवी लिंक बनवणं) त्यामानाने थोडं, म्हणजे कॅशे पुढे हवा.

मग बारकावे. छोटी लिंक उघडल्यावर 'खऱ्या पत्त्यावर जा' सांगणारा कोड ब्राउझरला ३०१ पाठवायचा की ३०२? ३०१ म्हणजे कायमचा पत्ता बदल, ब्राउझर तो लक्षात ठेवू शकतो आणि पुढच्या वेळी आपल्याकडे न येता परस्पर जातो. सर्व्हरवरचा भार हलका होतो, पण कितीजणांनी क्लिक केलं ते मोजता येत नाही. मोजायचं असेल तर ३०२, म्हणजे तात्पुरता बदल. इंटरव्ह्यूत मी हे बोलले तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, "मग तुम्ही काय निवडाल?" मी उलट विचारलं, "जाहिरातदारांना आकडे विकायचेत का?" त्या हसल्या आणि पुढची दहा मिनिटं आम्ही दोघींनी मिळून डिझाइन केल्यासारखी गेली.

ब्रेकबद्दल विचारतातच. दोन वाक्यांत सांगायचं आणि कामाकडे वळायचं. मी अपराधी चेहरा करायचा नाही हे आरशासमोर ठरवून गेले होते. पुरुषांना "मधली वर्षं काय केलंत" विचारताना आवाज एवढा मऊ होतो का हो कुणाचा?

गुरुवारची_लाईट

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, माझा अनुभव फक्त ऑनलाइन टेस्टचा. धनकवडीत रूम. टेस्टची तारीख स्वतः निवडायची असेल तर गुरुवार घेऊ नका, महावितरणची दुरुस्ती त्याच दिवशी निघते हे रूमवर राहणाऱ्याला माहीत असतंच. राउटरला छोटा यूपीएस, मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच जोडून बघितलेला, आणि रूममेटला दोन तास कट्ट्यावर हाकललेलं. कॅमेऱ्यात दुसरं डोकं दिसलं तरी टेस्ट बाद होऊ शकते.

एवढंच. निकाल यायचाय.

नव्वद_दिवस

कोडिंगवर सगळ्यांनी लिहिलं, वागणुकीच्या राउंडवर कुणीच नाही. लोक तो 'एचआरच्या गप्पा' समजून जातात. ॲमेझॉनची १६ लीडरशिप तत्त्वं त्यांच्याच वेबसाइटवर आहेत आणि तिथे कोडिंगच्या राउंडमध्येही त्यावरचे प्रश्न येतात. इतर कंपन्यांत नावं वेगळी, पण रोख तोच : वरिष्ठाशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत, कुठलं काम फसलं, अपुऱ्या माहितीवर निर्णय कधी घेतलात.

मी जुन्या ईमेल आणि तिकिटं (कामांच्या नोंदी) चाळून माझ्याच कामाच्या हकिगती लिहून काढल्या. प्रत्येकीत परिस्थिती काय होती, माझ्याकडे काय काम होतं, मी काय केलं, शेवटी आकड्यात काय फरक पडला. एक हकिगत अशी : रात्रीचा बॅच जॉब (एकगठ्ठा आपोआप चालणारं काम) सकाळपर्यंत संपत नव्हता, एकेक रेकॉर्ड डेटाबेसला वेगळा पाठवला जात होता, मी ते हजाराच्या गठ्ठ्यांत पाठवायला लावलं. पूर्वी हे मी 'टीमने परफॉर्मन्स सुधारला' असं सांगायचो. समोरचा लगेच विचारतो, त्यात तुमचं काय? गठ्ठा हजाराचाच का, पाचशेचा का नाही? एखादा रेकॉर्ड खराब निघाला तर सगळा गठ्ठा परत फिरायचा का? या प्रश्नांची उत्तरं ज्याने काम केलंय त्यालाच देता येतात.

माझ्या नावाप्रमाणे एक सूचना : नोटीस पिरियड तीन महिन्यांचा असेल तर रिक्रूटरला पहिल्याच फोनवर सांगा. ऑफर हातात आल्यावर सांगितलं की दोन्हीकडून ओढाताण होते. मागच्या वेळी नकार आला असेल तर पुन्हा कधी अर्ज करता येईल तेही त्याच फोनवर विचारा. सहा महिने, वर्ष, प्रत्येकाचा नियम निराळा.

पौडफाटा

भावाचा प्रश्न : कोडिंग जावात करू, सी प्लस प्लसमध्ये की पायथनमध्ये? कामावर जावा आहे, पण सगळे म्हणतात पायथन घे, कमी लिहावं लागतं.

कंसातला_सेमीकोलन

जावाच ठेव म्हणावं. आम्हाला भाषेचं काही पडलेलं नसतं, पण आयत्या वेळी बदललेली भाषा भलत्याच ठिकाणी दगा देते. हीपचंच घ्या, सर्वांत लहान किंवा मोठा आकडा कायम वर ठेवणारी ती रचना. जावाची प्रायॉरिटी क्यू आपणहून सर्वांत लहान आकडा वर ठेवते, सी प्लस प्लसची सर्वांत मोठा, आणि पायथनच्या हीपक्यूत लोक मोठा वर आणायला आकडे ऋण करून टाकत आलेत. इंटरव्ह्यूच्या तिसाव्या मिनिटाला हे आठवत बसायचं असेल तर खुशाल बदला. आणि जावा घेतली की हॅशमॅप आतून कसा चालतो ते मी विचारणारच : सुरुवातीची क्षमता १६, पाऊण भरला की दुप्पट, आणि जावा ८ पासून एकाच बकेटमध्ये (कप्प्यात) फार गर्दी झाली की लिस्टचं ट्री होतं. ते का होतं, हे त्याच्याकडून आज रात्री जेवताना वदवून घ्या.