पंचायतीकडे पैसा आला, ग्रामसभेतली माणसे कोठे गेली?

प्रश्न : माणदेशी

यंदाच्या १५ ऑगस्टला अनेक वर्षांनी मी माझ्या गावच्या ग्रामसभेला जाऊन बसलो. गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आहे. नोकरीमुळे मी गेली बावीस वर्षे पुण्यात राहतो आणि गावाकडे जाणे होते ते यात्रेला, लग्नकार्याला किंवा कोणाच्या दहाव्याला. झेंडावंदन झाल्यावर शाळेची मुले खाऊ घेऊन घरी गेली आणि त्यांच्या मागोमाग बहुतेक मोठी माणसेही गेली. पंचायतीच्या नव्या सभागृहात आम्ही पस्तीस-चाळीस जण उरलो. त्यांत स्त्रिया चार होत्या, आणि त्याही अंगणवाडी व आशाच्या कामामुळे थांबलेल्या होत्या. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर असावे लागतात. तेवढे नसल्यामुळे सभा तहकूब झाली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा भरली तेव्हा मी मुद्दाम रजा वाढवून थांबलो होतो. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. एकोणीस माणसांसमोर कामांची यादी वाचली गेली, दोघांनी सूचक-अनुमोदक म्हणून नावे दिली आणि पंचवीस मिनिटांत सभा संपली. माझे नाव पुण्याच्या मतदारयादीत असल्यामुळे मी नुसता ऐकत होतो.

मला आठवते ती ग्रामसभा नव्वदीच्या दशकातली आहे. ती मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरत असे. रोजगार हमीचा पाझर तलाव कोणत्या वाडीच्या ओढ्यावर घ्यायचा यावरून एकदा दुपारी सुरू झालेले भांडण दिवेलागणीपर्यंत चालले होते, आणि वडील घरी आले तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता. त्या पंचायतीजवळ पैसा जवळजवळ नव्हता. घरपट्टी आणि दिवाबत्तीचा कर यांतून शिपायाचा पगार निघाला तरी पुष्कळ झाले, अशी अवस्था होती. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. पुढे चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ नंतर, निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागला. आज आमच्या गावात काँक्रीटचे रस्ते, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट दिवे आहेत. ज्या काळात वाटून घ्यायला काहीच नव्हते त्या काळात माणसे तावातावाने बोलत होती, आणि आता वाटून घ्यायला बरेच काही असताना ती घरी बसली आहेत, हे कोडे मला उलगडत नाही.

गावकरी आळशी झाले, असे मी म्हणू शकत नाही. गावोगावच्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेच्या काळात, २०१७ च्या उन्हाळ्यात, हीच माणसे पहाटे टिकाव-फावडे घेऊन शिवारात चर खणत होती आणि मुंबईला गेलेली पोरेसुद्धा सुट्टी काढून येत होती. मग ग्रामसभेलाच ती का येत नाहीत? गावात राहणाऱ्यांनी किंवा पंचायतीत काम केलेल्यांनी आपला अनुभव सांगावा, अशी विनंती आहे.

उत्तर १ : निवृत्त ग्रामसेवक, सांगली जिल्हा

मी एकतीस वर्षे ग्रामसेवक म्हणून काम केले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या आठवणीतल्या ग्रामसभेला गर्दी होत असे, कारण तिथे काहीतरी ठरत असे. दारिद्र्यरेषेखालची यादी सभेत वाचली जाई. कोणाला घरकुल, कोणाला कर्जाची म्हैस, कोणाची विहीर, याची नावे तिथे पुकारली जात आणि ज्याचे नाव गळाले तो उठून उभा राही. आता घरकुलाचा लाभार्थी कोण हे मुख्यतः वरून आलेल्या यादीने ठरते. २०१६ ला प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात आली तेव्हा तिचा आधार २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणाचा होता आणि ग्रामसभेकडे राहिले ते त्या यादीची छाननी करण्याचे काम. किसान सन्मानचे वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत थेट बँकेत येतात, २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दरमहा १,५०० रुपयेही थेट येतात. ज्याला आपली अडचण मांडायची आहे तो आता सभेत बोलण्याऐवजी महा-ई-सेवा केंद्रात जाऊन आधारची केवायसी करून घेतो. माणूस आणि सरकार यांच्यामध्ये गाव उरले नाही.

या बदलाबद्दल तक्रारच करावी, असे मात्र मला वाटत नाही. त्या जुन्या याद्यांत पुढाऱ्याच्या भावकीची किती नावे घुसत आणि एकट्या विधवेचे नाव किती वेळा राहून जाई, हे मी त्याच टेबलावर बसून पाहिले आहे. पैसा थेट खात्यावर जाऊ लागल्यापासून त्या बाईला कोणाच्या ओसरीवर जाऊन बसावे लागत नाही. न्याय वाढला आणि बोलणे कमी झाले, या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने घडल्या आहेत.

राहता राहिला कामांच्या आराखड्याचा प्रश्न. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा बंधित असतो, म्हणजे तो पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करावा लागतो. उरलेल्या अबंधित रकमेत कोणता रस्ता घ्यायचा हे बहुतेक वेळा सभेच्या आधीच ठरलेले असते. लोकांना हे कळते. ठरलेल्या गोष्टीला हात वर करण्यासाठी शेतातले काम टाकून कोण येईल? आमच्याकडून आणखी एक चूक झाली आणि ती मी मान्य करतो. तालुक्याला ठरावाची प्रत ठरावीक तारखेला हवी असे, म्हणून शिपाई हजेरीची वही घेऊन घरोघर फिरे आणि सह्या गोळा करी. अशी इतिवृत्ते मी स्वतः लिहिली आहेत. न आलेल्या माणसाला आलेला दाखवले की त्याला येण्याचे कारणच उरत नाही, हे मला नोकरीच्या शेवटच्या वर्षांत उमगले.

उत्तर २ : ओढ्यापलीकडचा

प्रश्नकर्त्यांच्या भावनेचा आदर ठेवून एक गोष्ट विचारतो. मारुतीच्या सभामंडपात भरणाऱ्या त्या सभेत माणसे तावातावाने बोलत होती, असे आपण म्हणता तेव्हा त्यात कोण कोण होते? माझे गावही दुष्काळी पट्ट्यातलेच आहे. आमचे आजोबा तिथल्या सभामंडपात कधीही आत बसले नाहीत. ते आणि आमच्या वस्तीतली आणखी चार माणसे पायरीच्या खाली उभी राहून ऐकत आणि पाझर तलाव कोठे व्हावा याबद्दल त्यांना कोणी विचारले, असे त्यांनी मला कधी सांगितले नाही. तलावावर दगड-माती वाहायला मात्र तेच होते. आज सभा पंचायतीच्या सभागृहात भरते, तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या असतात आणि मी पहिल्या रांगेत बसतो. गर्दी कमी झाली असेल, पण माझ्यासाठी ती सभा आता कुठे सुरू झाली आहे.

दुसरे असे की गावाच्या एकीचे फार गोडवे गायले जातात. बिनविरोध निवडणूक झाली की सत्कार होतो. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी या दोन गावांची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली, कारण तिथे पदांचा जाहीर लिलाव झाला होता. बोलीचे पैसे देवळाच्या कामाला जाणार होते म्हणून अनेकांना त्यात गैर काही वाटलेही नाही. पण ज्याच्याकडे बोली लावायला पैसे नाहीत त्याने काय करायचे? ग्रामसभेत भांडण होत नसेल तर माणसे आली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ नसतो. कधी कधी भांडण्याची परवानगी आधीच काढून घेतलेली असते.

उत्तर ३ : माजी सरपंच, कोल्हापूर जिल्हा

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. आमच्या गावचे सरपंचपद सोडतीत महिला राखीव झाले, म्हणून मी निवडून आले. पहिले सहा महिने माझ्या खुर्चीशेजारी माझे दीर बसत आणि लोक त्यांच्याकडे पाहून बोलत, हे इथे लपवण्याचे कारण नाही.

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. आमच्याकडे ती सकाळी दहा वाजता ठेवलेली असे आणि नऊ-दहा जणी येत. सकाळी दहाला बाई भांगलणीला गेलेली असते, तिचा रोज बुडतो, हे वेळ ठरवणाऱ्या कोणाच्याही लक्षात आले नव्हते. मी ती रात्री आठला, जेवणे उरकल्यावर, शाळेच्या व्हरांड्यात घ्यायला लावली. पहिल्याच सभेला साठहून अधिक बायका आल्या. रस्त्याचा विषय कोणी काढलाच नाही. मुलींच्या शौचालयाला आतून कडी नाही, नळाला पाणी रात्री दोनला येते म्हणून झोप होत नाही, स्मशानाकडे जाणाऱ्या वाटेवर पावसाळ्यात गुडघाभर चिखल असतो, असे एकेक निघत गेले. यातले एकही काम आमच्या आराखड्यात नव्हते, आणि कडी बसवायला लागले फक्त दीडशे रुपये.

मे २०२२ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात इतर गावांनीही तसे करावे असे शासनाने परिपत्रक काढले. आम्हीही ठराव घेतला. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे हे यापुढे गावात होणार नाही, असे वाचून दाखवल्यावर टाळ्या पडल्या. तेव्हा मागे बसलेली एक बाई उठली. तिचा नवरा जाऊन चार वर्षे झाली होती. ती म्हणाली, "ठराव झाला ते बरं झालं, पण येत्या संक्रांतीला तुमच्यापैकी कोण मला वाण द्यायला बोलावणार आहे, तेवढं आत्ता सांगा." बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी तीन बायकांनी हात वर केले. त्या संक्रांतीला ती पाच घरी जाऊन आली. मी सरपंच असताना जे काही झाले त्यात माझ्या दृष्टीने हे सर्वांत मोठे काम आहे, आणि ते कोणत्याही मोजमाप पुस्तिकेत नोंदलेले नाही.

उत्तर ४ : वैनगंगाकाठ

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मी काही वर्षे शिक्षक होतो. त्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाबद्दल अनेकांनी वाचले असेल. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्या गावाची घोषणा आहे आणि तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांचे एकमत होईपर्यंत विषय पुढच्या बैठकीवर जातो. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. बांबू कोणाला, कोणत्या दराने विकायचा हे तिथली माणसे बसून ठरवतात. निवृत्त ग्रामसेवकांचे म्हणणे मला म्हणूनच पटते. जिथे सभेच्या हातात जंगल आहे तिथे कोणाला बोलवायला जावे लागत नाही.

आणखी एक फरक आकाराचा आहे. आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याखाली पाडासुद्धा आपली वेगळी ग्रामसभा जाहीर करून घेऊ शकतो. चाळीस-पन्नास घरांत कोण आले नाही हे लगेच दिसते. पाच वाड्या मिळून झालेल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या गावात न आलेला माणूस कोणाला दिसत नाही. मात्र मेंढ्याचे उदाहरण सगळीकडे लागू करता येईल असे मी म्हणणार नाही, कारण तिथे जमिनीची आणि जातीची उतरंड आपल्या बागायती गावांसारखी कधी नव्हती.

माणदेशी (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ओढ्यापलीकडच्यांचे उत्तर वाचल्यावर मी रात्री आईला फोन केला आणि त्या सभेला पायरीखाली कोण उभे असायचे, असे विचारले. तिने न थांबता पाच नावे सांगितली. त्यांतल्या एकांचा मुलगा माझ्या वर्गात होता. मी त्या सभामंडपात खांबाला टेकून बसत असे, आणि मला ती माणसे तिथे असल्याचे आठवतसुद्धा नाही.

माजी सरपंचताईंना एक विचारायचे आहे. रात्रीची महिला सभा आपण नियमित सभेच्या आदल्या दिवशी घेत होता की आठवडाभर आधी, आणि तिच्यात निघालेले विषय दुसऱ्या सभेच्या विषयपत्रिकेवर यावेत म्हणून लेखी काय द्यावे लागले? आमच्या वॉर्डातल्या सदस्य माझ्या चुलत वहिनी आहेत. त्यांना मी हा सगळा धागा वाचून दाखवला आहे आणि २ ऑक्टोबरच्या आधी वस्तीवरच्या समाजमंदिरात सभा घ्यायला त्या तयार आहेत.