शर्यतीच्या घोड्यात भागीदारी घ्यावी का? घोड्याच्या बाजूने पाहताना पडलेले प्रश्न

नदीकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझ्या मामेभावाने आणि त्याच्या तीन मित्रांनी मिळून शर्यतीचा एक तरुण घोडा घेण्याचे ठरवले आहे, आणि पाचवा भागीदार म्हणून माझे नाव त्यांनी जवळजवळ गृहीत धरले आहे. पावसाळ्यात तो पुण्यात धावेल आणि हिवाळ्यात मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर. रक्कम मला परवडणारी आहे, घरातून विरोध नाही आणि जुगाराच्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्यापुरते शोधले आहे. तेव्हा चर्चा सट्ट्याकडे वळवू नये अशी विनंती करतो. माझा प्रश्न घोड्यासंबंधी आहे.

शाळेत असताना आजोबांनी मला एकदा शर्यत दाखवली होती. आम्ही कठड्याला लागून उभे होतो. घोडे समोरून गेले तेव्हा पायाखालची जमीन हादरली, पण टापांपेक्षाही माझ्या लक्षात राहिला तो त्यांच्या श्वासाचा आवाज: लोहाराच्या भात्यासारखा, प्रत्येक झेपेबरोबर एक. या प्राण्याला धावण्याइतके प्रिय दुसरे काही नसावे, असे मला त्या दिवशी वाटले होते. इतकी वर्षे तो समज मी कधी तपासला नाही. आता पैसे घालण्याची वेळ आल्यावर तो तपासणे मला भाग वाटते.

थोडे वाचन केले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मद्रास रेस क्लबच्या प्रकरणात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला, परंतु तेथे वाद जुगाराचा होता; घोड्याला काय सोसावे लागते हा विषय न्यायालयापुढे नव्हताच. पुढे ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींविषयी निकाल देताना मात्र त्याच न्यायालयाने भूक, वेदना, भीती यांपासून प्राण्याला मुक्तता हवी, असे सविस्तर मांडले. बैलाच्या बाबतीत विचारला गेलेला प्रश्न घोड्याच्या बाबतीत विचारायचा राहून गेला, असे मला वाटते.

चाबकाने घोड्याला खरोखर किती लागते? दोन वर्षांच्या घोड्याला शर्यतीत उतरवणे योग्य आहे का? आणि तो धावायचा थांबल्यावर त्याचे काय होते? ज्यांना या व्यवसायाची आतून माहिती आहे त्यांनी लिहावे.

खरारा

मी पशुवैद्य आहे आणि माझ्या कामाचा बराच काळ शर्यतीच्या तबेल्यांत गेला आहे. आपल्या तीन प्रश्नांत एक चौथा जोडतो, कारण माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे: सराव सोडून उरलेल्या बावीस तासांत घोडा काय करतो?

भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, हा उखाणा आपण सर्वांनी लहानपणी ऐकला आहे. ‘न फिरवल्याने’ हे त्याचे उत्तर आजही तितकेच खरे आहे. मोकळा घोडा दिवसाचे चौदा ते सोळा तास चरतो आणि चरता चरता चालत राहतो. त्याच्या जठरात आम्ल सतत स्रवत असते, पोटात चारा असो वा नसो. शर्यतीचा घोडा मात्र पहाटे सराव करून आला की बहुतेक दिवस ठाणावर उभा असतो आणि त्याला चारा कमी, चंदी म्हणजे दाणा जास्त मिळतो. परिणामी सरावातल्या घोड्यांपैकी बहुतेकांच्या जठरात व्रण आढळतात. काही घोडे दाराची फळी दातांत धरून हवा गिळत राहतात, काही तासन्‌तास डावी-उजवीकडे झुलत राहतात. नवा माणूस म्हणतो, घोडा खेळतो आहे. तो खेळ नसतो.

वयाविषयी. जगभर गाजलेला आक्षेप असा की दोन वर्षांच्या घोड्याचा सांगाडा पूर्ण वाढलेला नसतो. हे खरे आहे. मणक्यांची वाढ तर पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते. परंतु एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. कोवळ्या वयात मोजका, थोड्या अंतराचा वेगवान सराव मिळाल्यास हाड अधिक मजबूत घडते, हेही अभ्यासांतून दिसून आले आहे. बिघडते ते घाईमुळे. भरधाव घोड्याच्या पुढच्या एका पायावर क्षणभर त्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोच्या घोड्यात एक टनाहून अधिक. त्या भाराने हाडात बारीक तडे जातात आणि शरीर ते भरून काढते. पण दुरुस्ती चालू असतानाच जिंकण्याच्या घाईने वेग वाढवला तर तडे भरण्याऐवजी जुळत जातात. मैदानावर पाय मोडलेल्या घोड्यांच्या शवविच्छेदनात बहुसंख्य वेळा आधीची इजा आढळते, ती यामुळेच. प्रेक्षकांना जो अपघात एका क्षणाचा वाटतो, तो अनेक आठवडे पायात घडत आलेला असतो.

तो ओळखता येतो का? पुष्कळदा येतो. पहाटे पट्ट्या सोडल्यावर गुडघ्याखालच्या नळीवरून पालथा हात हळूहळू खाली न्यावा आणि मग दुसऱ्या पायावरून. एका जागी किंचित ऊब लागते. तेथे अंगठ्याने दाबले की घोडा पाय ओढून घेत नाही, फक्त कान मागे नेतो. एवढीच खूण. अशा घोड्याला सहा आठवडे विश्रांती द्या असे मी सांगितले आणि मालकाने ‘एवढी एकच शर्यत होऊ द्या’ म्हणून दुसरा डॉक्टर आणला, असे माझ्या बाबतीत एका मैदानावर घडले आहे. त्या घोड्याचा पाय शेवटच्या वळणावर गेला. कान मागे नेणारा तो घोडा मला अजून दिसतो.

पाय मोडलेल्या घोड्याला ठार करतात ही क्रूरता आहे, असे पुष्कळांना वाटते. घोड्याला फार काळ निजवून ठेवता येत नाही. तीन पायांवर उभा राहिला की चांगल्या पायाच्या खुरात दाह सुरू होतो. अमेरिकेतील केंटकी डर्बी ही मोठी शर्यत जिंकलेल्या बार्बारो या घोड्याचा पाय मे २००६ मध्ये मोडला. उत्तमोत्तम शल्यचिकित्सा आणि आठ महिन्यांची शुश्रूषा मिळूनही खुरांच्या याच दाहामुळे जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावे लागले. म्हणून उपचारांपेक्षा आधीची तपासणी महत्त्वाची. ती कडक केल्यास फरक पडतो. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता अनिता मैदानावर काही महिन्यांत तीस घोडे दगावल्यानंतर तेथे जनक्षोभ उसळला. पुढे राष्ट्रीय कायदा झाला आणि २०२२ पासून एका स्वतंत्र प्राधिकरणाकडे सुरक्षेचे नियम आले. अमेरिकेत २००९ मध्ये दर हजार धावांमागे दोन घोडे दगावत होते. या प्राधिकरणाच्या मैदानांवर २०२४ मध्ये हे प्रमाण ०.९० इतके खाली आले. शून्य मात्र झालेले नाही, आणि ते कधी होईल असे मी म्हणणार नाही.

चाबकाविषयी थोडक्यात: सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये माणसाची आणि घोड्याच्या पुठ्ठ्यावरची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांत लक्षणीय फरक आढळला नाही. ‘घोड्याचे कातडे जाड असते, त्याला लागत नाही’ हा युक्तिवाद यापुढे कोणी करू नये.

तोबरा

माझे वडील एकतीस वर्षे रेसच्या घोड्यांचे मोतद्दार, म्हणजे त्यांची निगा राखणारे, होते. डॉक्टरसाहेबांनी लिहिले ते बरोबर आहे, पण त्यात माणसे आली नाहीत, म्हणून लिहितो.

आमची खोली तबेल्याच्या मागे होती. वडील साडेतीनला उठत. एकेका मोतद्दाराकडे दोन-तीन घोडे असत. त्यांचा खरारा, पाणी, चंदी, लीद काढणे, सरावानंतर अंगावरचा घाम उतरेपर्यंत हाती धरून फिरवणे, हे सारे त्यांचेच काम. ताप आलेल्या घोड्याजवळ गवतावर झोपलेले वडील मी पाहिले आहेत. मुलांच्या शाळेच्या कार्यक्रमाला त्यांना येता आले नाही, पण घोडी विल्यानंतर ती कोठे आहे, शिंगरू कसे आहे, हे ते स्टड फार्मवरून (घोड्यांच्या पैदाशीच्या जागेवरून) येणाऱ्या प्रत्येक माणसाला विचारत. त्यामुळे या व्यवसायात कोणाला प्राण्याची माया नाही, असे कोणी लिहिले की मला फार लागते. शर्यती बंद करा म्हणणाऱ्यांनी या हजारो हातांचे पुढे काय, हेही सांगावे.

आता दुसरी बाजूही सांगतो. नाव फलकावर लागत असे ते मालकाचे, ट्रेनरचे आणि जॉकीचे. घोड्याची सर्वाधिक ओळख ज्याला असे त्याचे मत कोणी विचारत नसे. ‘आज हा मनाने नाही’ असे वडील म्हणत आणि ते बहुधा खरे ठरे. सकाळी त्याने पाणी अर्धे ठेवले, पाठीवर हात ठेवताच कातडी थरथरली, अशा गोष्टी कागदावर येत नाहीत. मोतद्दाराचा शब्द धावण्यापूर्वीच्या तपासणीत नोंदवला गेला तर काही घोडे वाचतील, असे मला मनापासून वाटते.

आणि निरोप. कंडरा दुखावलेला, सहा वर्षांचा एक तांबडा घोडा होता. एका दुपारी ट्रक आला. वडिलांनी त्याचा मोरखा (तोंडावर चढवायचा पट्टा) काढून दुसरा, जुना चढवला, कारण चांगला मोरखा तबेल्याचा होता. घोडा फळीवर चढेना. वडील पुढे झाले तेव्हा मुकाट चढला. कोणी म्हणाले रायडिंग स्कूलला जाणार, कोणी म्हणाले लग्नाच्या वरातींसाठी. आम्हाला कळले नाही. त्यानंतर वडिलांनी घोड्यांना घरगुती नावे ठेवणे सोडले.

घाटमाथा

मी जुन्नर तालुक्यातला, घरचा बैलगाडा आहे. नदीकाठ यांनी निकालाचा उल्लेख केला म्हणून लिहितो.

२०१४ च्या निकालात न्यायालयाने असे म्हटले की बैलाची शरीररचना धावण्यासाठी नाही, घोड्याची आहे. आमच्याकडे घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, चार बैलांच्या पुढे घोडी पळते. एकाच बारीत (धावेत) घोडी निसर्गाप्रमाणे पळते आणि बैल निसर्गाविरुद्ध, असे ते म्हणणे होते. आम्हाला ते तेव्हा पटले नाही. पण त्या निकालाने आलेल्या बंदीमुळे आम्हाला उत्तरे द्यावी लागली, हे मी मान्य करतो. २०१७ चा राज्याचा कायदा, १६ डिसेंबर २०२१ ची अंतरिम परवानगी आणि १८ मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल, या वाटेने शर्यती परत आल्या त्या अटींसह: पशुवैद्यकाचा दाखला, आणि चाबूक, काठी, विजेचा धक्का यांस मनाई. अटी मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. काही घाटांत अटी मोडल्या जातात. मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि बोलल्यामुळे वाईटपणाही घेतला आहे.

माझे म्हणणे एवढेच की हीच मोजपट्टी घोड्याला लावा. बैलावर चाबूक नियमाने वर्ज्य, तर घोड्यावर हवेची गादी असलेला चाबूक नियमाने मान्य, हे कसे? नॉर्वेने १९८२ मध्येच शर्यतीत घोड्याला चाबकाने मारण्यावर बंदी घातली. शर्यती तेथे चालूच आहेत. आणि १९६० च्या केंद्रीय कायद्यात प्राण्याला क्रूरपणे वागवण्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. लाखांच्या घोड्यापुढे पन्नास रुपये. हा कायदा बदलण्यासाठी बैलगाडावाले आणि प्राणिमित्र एकत्र येणार असतील तर मी पहिली सही करीन.

खरारा

घाटमाथा, चाबकाबाबत आपल्याशी पूर्ण सहमत. तोबरा, मोतद्दाराची नोंद ही सूचना मी माझ्या परिचयातील ट्रेनरांपुढे ठेवतो.

नदीकाठ, आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोबरा यांच्या त्या ट्रकमध्ये आहे. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा, घोडा पंचवीस वर्षे सहज जगतो. धावतो मात्र सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत. शिंगरू जन्मले की आईबापांची डीएनए चाचणी होते, कपाळावरचा टिळा आणि अंगावरचे भोवरे पासपोर्टवर रेखाटले जातात, स्टडबुकात, म्हणजे वंशावळीच्या नोंदवहीत, नोंद होते. इतक्या काटेकोर नोंदीने सुरू झालेले आयुष्य शर्यत सुटताच नोंदीबाहेर जाते. निवृत्त घोड्यांचा महाराष्ट्राला झालेला एक उपयोग फारसा कोणी सांगत नाही: पूनावाला स्टड फार्मचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला लस व सीरम बनवण्यासाठी दिले जात, आणि १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट निघाली ती त्याच ओळखीतून. सर्पदंशावरचे औषध आजही घोड्याच्या रक्तापासून बनते. तेही त्या घोड्याने केलेले कामच आहे, आणि त्याचीही देखभाल विचारली गेली पाहिजे. इंग्लंडमध्ये २००० सालापासून निवृत्त घोड्यांना दुसऱ्या कामासाठी तयार करणारी संस्था खुद्द शर्यतवाल्यांनी चालवली आहे.

भागीदारी घेणार असाल तर करारात दोन गोष्टी लिहून घ्या. पशुवैद्यकाने थांबवा म्हटले की एकाही भागीदाराला ते नाकारता येणार नाही. आणि बक्षिसाच्या रकमेतला ठरावीक वाटा घोड्याच्या निवृत्तीसाठी वेगळ्या खात्यात जाईल, तो हयात असेपर्यंत.

नदीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तोबरा, आपण लिहिलेला मोरख्याचा प्रसंग मी घरी वाचून दाखवला.

दोन्ही कलमे मी काल भागीदारांपुढे ठेवली. पहिले मान्य झाले. दुसऱ्यावर, ‘तेवढी वर्षे कोण मोजत बसणार’, असे एकाने म्हटले. तेव्हा मी मामेभावाला विचारले की त्याने पूर्वी ज्या घोड्यात भाग घेतला होता, तो आज कोठे आहे. त्याने ज्याला विकला त्याचा नंबर दिला. त्या गृहस्थांनी तो पुढे एका दलालाला दिला होता. दलालाला आठवते ते एवढेच की घोडा काळा होता आणि मागच्या एका पायाला पांढरा मोजा होता. माझा भाग मी तूर्त थांबवला आहे. पासपोर्टची प्रत मामेभावाकडे आहे, त्यावरून त्या घोड्याचा शोध घेण्याचा प्रयत्न करीत आहे. काही कळले तर येथे लिहीन.