देव मानत नाही, मग वाईट वागण्यापासून अडवतं कोण? (अनुभव धागा)

सासूबाई सर्वपित्रीचं करतात. यंदा मामेसासूबाईही जेवायला होत्या. भात वाढताना त्यांनी मला विचारलं, "तू देव मानत नाहीस, नवराही मानत नाही. मग खोटं बोलायला, कुणाला फसवायला तुम्हाला भीती कशाची गं?" टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या. आणि मला चटकन उत्तर सुचलं नाही.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. बुद्धीला पटेल तेच बोलणार म्हणणाऱ्या आगरकरांची इथे जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली, आणि तोच माणूस 1895 मध्ये जाईपर्यंत फर्ग्युसनचा प्राचार्य होता. पण थोरामोठ्यांची उदाहरणं आपण सगळेच देतो. मला तुमची हवी आहेत. कुणी बघत नव्हतं, वरूनही कुणी बघत नाही अशी तुमची खात्री होती, तेव्हा काय केलंत? वाद नको, प्रसंग सांगा. आस्तिकांनीही जरूर लिहा.

धनकवडी

मेडिकलचं दुकान आहे, भागीदारीत. भागीदार दत्तभक्त, गुरुवार कधी चुकवत नाही. मी काहीच मानत नाही. मे महिन्यात एका रविवारी दुकान बंद असताना फ्रीजचा प्लग सैल झाला. सोमवारी उघडलं तर आतल्या थर्मामीटरवर 29. इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. अठरा-एकोणीस हजारांचा माल होता. एक बाटली उजेडात धरून बघितली, पाण्यासारखी स्वच्छ. प्लग लावला की तासाभरात सगळ्या गार झाल्या असत्या.

वापरायला काढलेली बाटली पेशंट काही आठवडे बाहेर ठेवतोच, हेही मनात आलं. पण माझ्याकडून ती विकली जाईपर्यंत दोन-तीन महिने जाणार, मग तिच्यात दम किती उरणार? समोरच्या गल्लीतल्या आजींची साखर वाढली असती तर डॉक्टरांनी पथ्याला बोल लावला असता आणि आजींनी स्वतःला. माझ्या दुकानापर्यंत कुणीही पोचलं नसतं. आजी स्वतःला बोल लावतील, हे डोळ्यांसमोर आलं आणि मी खोकं बाहेर काढलं. तेवढ्यात भागीदार आला, थर्मामीटर बघितला आणि म्हणाला, "सगळं काढ." देवावरून आमचं रोज वाजतं. त्या दिवशी एक शब्द झाला नाही.

हडपसर

मी माळकरी, तरी लिहिते. ज्ञानोबांची पालखी पुण्यातून निघते त्या दिवशी आम्ही रस्त्याच्या कडेला वारकऱ्यांचे पाय चेपायला बसतो, पुढे दिवे घाट चढायचा असतो ना. सून देवाला हात जोडत नाही, पण कोमट पाण्याची बादली आणि खोबरेल घेऊन तीही बसते. एका म्हातारीच्या टाचेत काच रुतली होती, ती सुनेनेच सुईने काढली. "माउली समजून केलंस का?" मी विचारलं. "म्हातारी समजून केलं," म्हणाली. मला ते पचायला वेळ लागला. आता कौतुकच वाटतं.

पण माझंही एक विचारणं आहे. मालक गेले तेव्हा मला हरिपाठाने उभं केलं. तसा दिवस आला की तुम्ही कुणाच्या गळ्यात पडता?

भुसारी कॉलनी

काकू, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बाबा कडवे नास्तिक. 20 ऑगस्ट 2013 ला ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर गुडघे दुखत असतानाही बाबा दर वर्षी त्या तारखेला पुलावर जाऊन उभे राहायचे. देहदानाचा अर्ज त्यांनी भरून ठेवला होता. पहाटे गेले. नेत्रदान काही तासांतच व्हावं लागतं, त्यामुळे रडायच्या आधी मी फोन लावत होतो. आई देवभोळी. तिने मला विचारलं, "ओठांवर थोडं गंगाजल घालू का रे?" जन्मभराच्या जोडीदाराला निरोप द्यायला तिला मुलाची परवानगी घ्यावीशी वाटली, याचं मला फार वाईट वाटलं. वाटी मीच आणून दिली.

शववाहिका गेल्यावर जिन्यात समोरच्या काकांच्या गळ्यात पडलो. माझ्याकडे तेवढंच होतं. खोटं कशाला सांगू, ते कमी पडलं. अजूनही काही रात्री कमी पडतं.

वारजे

मुलीच्या शाळाप्रवेशाच्या अर्जात धर्माचा रकाना रिकामा ठेवला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मग हिच्यावर संस्कार कोण करणार?" धर्म सांगायची सक्ती सरकारला करता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्येच म्हटलंय. ते सांगितलं, अर्ज घेतला गेला. बाईंचा प्रश्न मात्र मी घरी घेऊन आलो.

नारायण पेठ

सगळ्यांनी चांगलं वागल्याचं लिहिलंय, माझं उलटं आहे. मी विशीपासून विवेकवादी. 2005 मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतका हक्क मिळाला, त्यावर मित्रांमध्ये तावातावाने बोललोय. आणि 2011 मध्ये वडील गेल्यावर मी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. भाऊबीज झाल्यावर आठवड्याभरात, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात. तिने कागद वाचला नाही. पेनाचं टोपण काढून "इथेच ना दादा?" एवढंच विचारलं. अंगठ्याची शाई ती रुमालाने पुसत होती आणि मी घड्याळ बघत होतो.

याला कुणीच फसवणूक म्हणालं नाही. सगळ्या बहिणी सोडतात, माहेर टिकतं, असं आईही म्हणाली. पण ते टोपण काढलेलं पेन डोळ्यांपुढून जाईना. देवासमोर चूक कबूल करून कुणाला मोकळं वाटत असेल तर मी नावं ठेवणार नाही. मला तो रस्ता नव्हता. माफी मिळाली तर एकाच ठिकाणी, चिंचवडला तिच्या घरी. तिथे जायला मला आठ वर्षं लागली.

2019 च्या भाऊबीजेला तिच्या वाट्याच्या बक्षीसपत्राचा मसुदा घेऊन गेलो. तिने चष्मा लावला आणि या वेळी प्रत्येक पान वाचलं, पाटावर बसूनच. ताटातलं निरांजन तोवर विझलं. मग म्हणाली, "तेव्हा मला वाचायला का नाही सांगितलंस?"

मी म्हणालो, "तू वाचलं असतंस तर सही केली नसतीस, म्हणून."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मसुदा घडी करून कपाटात ठेवून आली आणि निरांजनात नवी वात घातली.